साम्सो बेटावरील शेतकऱ्यांच्या पवनचक्क्या

मळणी होऊन रास खळ्यावर पडली आहे, शेतकरी पाटी भरून तिवईवर उभा आहे आणि वारा पडला आहे, हा प्रसंग प्रत्येक शेतकऱ्याच्या अनुभवाचा आहे. वारा सुटेपर्यंत उफणणी होत नाही; तो सुटला म्हणजे घटकाभरात भूस एकीकडे व धान्य एकीकडे होते. वाऱ्याच्या अंगी काम करण्याची शक्ती आहे, ती फुकट मिळते, परंतु ती आपल्या सोयीने मिळत नाही, ह्या तीन गोष्टी शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नकोत. वाऱ्यापासून वीज कशी निर्माण होते हे समजून घेताना ह्याच तीन गोष्टी पुनःपुन्हा पुढे येतात. त्यांत चौथी एक भर पडते, ती म्हणजे यंत्र कोणाच्या मालकीचे आहे ही. ह्या चौथ्या गोष्टीचा विचार करावयाचा तर डेन्मार्कमधील एका लहानशा बेटाची हकीकत पाहण्यासारखी आहे.

डेन्मार्क हा उत्तर युरोपातील देश दूध, लोणी व सहकारी दुग्धशाळा यांबद्दल सर्वश्रुत आहे. तेथील पहिली सहकारी दुग्धशाळा १८८२ साली निघाली. ह्या देशाच्या जटलंड व झीलंड या दोन मोठ्या भूभागांच्या मधील समुद्रात साम्सो नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर, वस्ती चार हजारांच्या आत, आणि मुख्य धंदा शेतीचा. हंगामाच्या आरंभी निघणाऱ्या येथील बटाट्याला देशभर मागणी असते. १९९७ पूर्वी ह्या बेटावरील घरे बहुतांशी खनिज तेल जाळून उबदार ठेवली जात, व वीज मुख्य भूमीवरून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून येत असे. ती बहुतेक कोळशावर तयार झालेली असे.

१९९७ साली डेन्मार्कच्या सरकारने एक स्पर्धा जाहीर केली. दहा वर्षांच्या आत केवळ वारा, सूर्य, काडीकचरा अशा पुनःपुन्हा मिळणाऱ्या साधनांवर स्वयंपूर्ण होण्याची उत्तम योजना कोणता भाग सादर करतो, हे पाहावयाचे होते. साम्सोची योजना निवडली गेली. निवडीबरोबर मोठे अनुदान आले नाही. काम बेटावरील लोकांनीच करावयाचे होते. तरीही २००० साली बेटावर प्रत्येकी एक मेगावॅटच्या अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि बेटास वर्षभरात लागणाऱ्या विजेइतकी वीज त्या देऊ लागल्या. अकरांपैकी नऊ चक्क्या बेटावरील शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने व बँकेचे कर्ज काढून घेतल्या. उरलेल्या दोन लहान भागधारकांनी मिळून घेतल्या. हे कसे घडून आले ते पाहण्यापूर्वी चक्कीचे काम समजून घेणे इष्ट होईल, कारण यंत्र न समजता केलेला व्यवहार शेतकऱ्यास बहुधा महाग पडतो.

पाते का फिरते?

पतंग वाऱ्याने नुसता पुढे ढकलला जात नाही, तो वर उचलला जातो. वाऱ्यास किंचित तिरपा धरलेला पृष्ठभाग वाऱ्याची दिशा वळवितो आणि त्या मोबदल्यात स्वतः आडव्या बाजूस ओढला जातो. पवनचक्कीचे पाते ह्याच तत्त्वावर फिरते. त्याचा आडवा छेद पक्ष्याच्या पंखासारखा, एका कडेस जाड व गोल आणि दुसऱ्या कडेस निमुळता असतो. वारा पात्यावर समोरून येतो, परंतु पाते त्याच्या काटकोनात, चक्राच्या दिशेने ओढले जाते. म्हणूनच पात्याचे टोक वाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने फिरू शकते. साम्सोवरील चक्कीचे चक्र मिनिटास वीस-बावीस फेरेच घेते. दुरून ते संथ दिसते. तथापि चक्राचा व्यास ५४ मीटर असल्यामुळे पात्याच्या टोकाचा वेग ताशी २०० किलोमीटरांहून अधिक भरतो.

विहिरीचे पाणी उपसणाऱ्या जुन्या पवनचक्कीला पुष्कळ पत्र्याची पाती असतात, आणि वीज करणाऱ्या चक्कीला तीनच का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पंपाचा दट्ट्या उचलण्यास जोर लागतो, वेग लागत नाही. म्हणून तेथे पाती पुष्कळ व गती मंद. वीजजनित्राला वेग हवा असतो. पाती थोडी व सडपातळ ठेवली म्हणजे चक्र जलद फिरते, आणि जलद फिरणारी तीन पाती सगळ्या वर्तुळातील वारा गाठतात. दोन पात्यांचीही चक्की चालते. परंतु तीन पात्यांची समतोल फिरते व तिचे हादरे कमी बसतात.

चक्राचा आस मनोऱ्याच्या माथ्यावरील पेटीत जातो. तेथे दातेरी चाकांची पेटी असते. ती मिनिटाचे वीस-बावीस फेरे वाढवून सुमारे दीड हजारावर नेते. पुढे जनित्र असते. सायकलीच्या दिव्याकरिता चाकाला लावलेला डायनॅमो ज्याने पाहिला आहे त्याला जनित्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. लोहचुंबकाजवळून तांब्याच्या तारेचे वेटोळे फिरविले म्हणजे तारेतून वीज वाहू लागते, हा शोध १८३१ साली फॅरेडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने लावला. मोठमोठ्या वीजकेंद्रांत तेच तत्त्व आहे. फक्त तेथे चाक वाफेने अथवा पाण्याने फिरते. जनित्रातील वीज मनोऱ्यातून खाली येते, रोहित्रात तिचा दाब वाढविला जातो, व ती वाहिनीस जोडली जाते. पेटीच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा व वेग मोजणारी लहान उपकरणे असतात. दिशा पालटली की विजेवर चालणारी यंत्रणा संपूर्ण पेटी वाऱ्याकडे वळविते.

वाऱ्याच्या शक्तीचा हिशेब

हा भाग थोडा नेटाने वाचावा लागेल. परंतु चक्की कोठे उभारावी व कोठे उभारू नये याचे सगळे मर्म त्यात आहे.

एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. सेकंदास ६ मीटर वेगाचा वारा, म्हणजे ताशी सुमारे बावीस किलोमीटर, एक चौरस मीटर चौकटीतून जात असेल तर त्यात सुमारे १३० वॅट शक्ती असते. वेग दुप्पट, म्हणजे सेकंदास १२ मीटर झाला, तर शक्ती दुप्पट होत नाही. ती आठपट होऊन सुमारे १,०४० वॅट भरते. कारण असे की वेग दुप्पट झाला म्हणजे त्याच वेळात दुप्पट हवा चौकटीतून जाते, आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोग्रॅमच्या अंगी चौपट जोर असतो; दोन चोक आठ. उलट, वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. यामुळेच "आमच्या माळावर वारा चांगला असतो" एवढ्या सांगण्यावर चक्की उभारता येत नाही. उंच खांबावर वेगमापक लावून निदान एक वर्षभर, सर्व ऋतूंत, नोंदी घ्याव्या लागतात. सरासरी वेगात थोडीशी चूक झाली तरी उत्पन्नाचा अंदाज पार कोसळतो.

दुसरी बाब चक्राच्या आकाराची. ५४ मीटर व्यासाचे चक्र सुमारे २,२९० चौरस मीटर, म्हणजे साडेबावीस गुंठ्यांइतके आकाश झाडते. सेकंदास ६ मीटर वाऱ्यात एवढ्या वर्तुळातून सुमारे ३०० किलोवॅट शक्तीची हवा जाते. ती सगळी काही हाती येत नाही. सगळी शक्ती काढून घेतली तर चक्रामागची हवा जागच्या जागी थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला वाटच राहणार नाही. जास्तीत जास्त शेकडा ५९ हिस्सा काढता येतो, हे बेट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी गणिताने दाखवून दिले. प्रत्यक्षात शेकडा ४० मिळाले तरी चक्की चांगली समजतात. म्हणजे ६ मीटर वाऱ्यात सुमारे १२० किलोवॅट, आणि १२ मीटर वाऱ्यात सुमारे ९५० किलोवॅट. "एक मेगावॅटची चक्की" ह्या शब्दांचा अर्थ इतकाच की जोराच्या वाऱ्यात ती १,००० किलोवॅट देते. एरवी ती त्याहून पुष्कळ कमी देते. सेकंदास तीन-चार मीटरांखाली तर ती काहीच देत नाही, आणि २५ मीटरांवर वादळी वारा झाला की मोडतोड टाळण्यासाठी ती आपोआप बंद होते.

तिसरी बाब उंची. जमिनीलगतचा वारा झाडे, बांध, घरे यांत अडखळतो. मोकळ्या माळावर दहा मीटर उंचीवर जो वेग असतो त्याच्या साधारण सव्वापट पन्नास मीटरांवर असतो. आणि सव्वापट वेग म्हणजे जवळजवळ दुप्पट शक्ती. एखाद्या घरामागे अथवा झाडांच्या रांगेमागे तिच्या उंचीच्या वीसपट अंतरापर्यंत हवा घुसळलेली असते. घराच्या धाब्यावर बसविलेली छोटी चक्की दिवा लावीपर्यंत कुरकुरत का राहते, याचे उत्तर ह्यात आहे. अशा चक्कीवर पैसा घालण्यापूर्वी शेतकऱ्याने दहादा विचार करावा. त्याच पैशात सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी बहुधा अधिक वीज देईल.

वर्षाचा हिशेब असा मांडतात. एक मेगावॅटची चक्की वर्षभर अखंड पूर्ण शक्तीने चालली तर ८७ लाख ६० हजार युनिट होतील. समजा, प्रत्यक्षात तिने त्याचा चौथा हिस्सा दिला, तर सुमारे २२ लाख युनिट झाले. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साडेचार युनिट खातो असे धरले आणि तो वर्षातून १,२०० तास चालविला, तर त्यास ५,४०० युनिट लागतात. म्हणजे कागदावर एक चक्की सुमारे चारशे पंपांची वर्षाची वीज पुरविते. "कागदावर" हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्याचे कारण पुढे येईल.

आस्कोवचा शिक्षक

साम्सोच्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून एवढे मोठे यंत्र शेतात उभे करण्याचे धाडस एका दिवसात केले नाही. त्यामागे शंभर वर्षांची शिकवण होती. पोल ला कूर हा मूळचा हवामानशास्त्रज्ञ १८७८ साली जटलंडमधील आस्कोव येथील लोकविद्यालयात शिक्षक झाला. ही विद्यालये खेड्यांतील प्रौढ तरुण-तरुणींसाठी असत. वीज त्या काळी शहरांतच येऊ लागली होती. खेडी अंधारात राहिली तर तरुण मंडळी गाव सोडून जातील, ही काळजी त्याला लागली होती. सरकारी साह्याने १८९१ साली त्याने शाळेत एक प्रयोगाची पवनचक्की उभारली व तिच्यावर वीज काढली.

वारा पडल्यावर काय करावयाचे, ही खळ्यावरचीच अडचण त्याच्याही पुढे उभी राहिली. त्याने विजेच्या साह्याने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन हे घटक निराळे करून वायू टाक्यांत साठविला, आणि त्या वायूचे दिवे शाळेत लावले. हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला गेल्याने स्फोट होऊन शाळेची तावदाने अनेकदा बदलावी लागली. तरी शिक्षकाने प्रयोग सोडला नाही व शाळेने शिक्षकास सोडले नाही, हे दोघांनाही भूषणावह आहे. थोडी पाती व जलद गती हीच वीज करण्यास उत्तम, हेही त्यानेच हवेच्या बोगद्यात लहान नमुने फिरवून दाखविले.

परंतु त्याचे खरे मोठे काम निराळेच आहे. १९०३ साली त्याने खेड्यांत वीज नेण्याकरिता एक संस्था स्थापन केली आणि पुढील वर्षापासून खेड्यांतील तरुणांना वीजजोडणीचे शिक्षण देण्यास आरंभ केला. हे ग्रामीण तारतंत्री आपापल्या गावी परतले. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये सुमारे १२० गावच्या वीजकेंद्रांत पवनचक्क्या चालत होत्या. त्या २० ते ३५ किलोवॅटच्या असत व देशाच्या विजेचा शेकडा ३ हिस्सा पुरवीत. ला कूर १९०८ सालीच वारला होता. काम मात्र त्याच्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिले.

त्या विद्यार्थ्यांतच योहानेस यूल हा होता. त्याने उतारवयात १९५७ साली गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की चालू केली. वादळात चक्राची गती अनावर झाली तर पात्यांची टोके आपोआप वळून गतीस आळा बसावा, ही युक्ती त्याचीच. ती चक्की १९६७ पर्यंत चालली आणि मग तेल स्वस्त म्हणून बंद पडली. १९७३ नंतर तेल महागले तेव्हा रीसागर नावाच्या एका सुताराने गेडसरचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून बावीस किलोवॅटची चक्की आपल्या आवारात बांधली. शेतीची अवजारे तयार करणाऱ्या कारखान्यांनी हा धंदा उचलला. आज जगभर चक्क्या विकणारी वेस्तास ही कंपनी त्यांपैकीच. १९८६ साली भारतात ओखा, तामिळनाडूचा किनारा व महाराष्ट्रात रत्नागिरीकडील किनारा येथे पहिल्या पवनचक्क्या बसल्या, त्या ह्याच बनावटीच्या ५५ किलोवॅटच्या होत्या.

मालकीची वाटणी

साम्सोवर ह्या कामाची धुरा सोरेन हेर्मान्सेन ह्या बेटावरीलच, शेतकरी घराण्यातील शिक्षकाने उचलली. गावोगाव बैठका झाल्या. आरंभी लोक साशंक होते, आणि तसे असणे वाजवी होते. चक्कीचा आवाज येईल, देखावा बिघडेल, शेजाऱ्याला पैसा मिळेल आणि आपल्याला नुसती सावली, असे आक्षेप निघाले. ह्यांतील शेवटचा आक्षेप सर्वांत खरा होता. आवाज अंतराने कमी होतो. डेन्मार्कमध्ये चक्कीच्या एकूण उंचीच्या चौपट अंतराच्या आत घर असू नये असा नियम आहे. साम्सोची चक्की पाते उभे असता ७७ मीटर भरते, म्हणजे तीनशे मीटरांहून अधिक अंतर राखावे लागते. परंतु शेजाऱ्याच्या पैशाने होणारी जळजळ अंतराने कमी होत नाही.

त्यावरचा उपाय भागीदारीत होता. डेन्मार्कमध्ये १९८० नंतर पवनचक्की-मंडळ्यांची पद्धत रुळली होती. तिचा एक भाग म्हणजे वर्षास १,००० युनिट वीज, असे माप ठरलेले असे. ज्याच्या घरी वर्षास पाच हजार युनिट जळतात त्याने पाच भाग घ्यावेत, इतका तो हिशेब सरळ होता. दूधसंस्थेत ज्याचे जितके दूध त्याचा तितका हिस्सा, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या लोकांना ही रीत परकी वाटली नाही. साम्सोवर दोन चक्क्या ह्या रीतीने भागधारकांच्या झाल्या. उरलेल्या नऊ शेतकऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर घेतल्या. विजेला ठराविक मुदतीपर्यंत ठराविक भाव मिळण्याची सरकारी हमी त्या वेळी होती, हे विसरून चालणार नाही. ती नसती तर बँकेने कर्ज दिले नसते. धाडस शेतकऱ्याचे खरे, पण जोखमीचा एक मोठा भाग कायद्याने उचलला होता.

जमिनीचा प्रश्न तेथे फारसा आला नाही. चक्कीचा पाया, रोहित्र आणि रस्ता एवढी जागा सोडली तर बाकी शेतात पेरणी नेहमीप्रमाणे होते, गुरे चक्कीच्या बुंध्यापर्यंत चरतात. २००३ पासून बेटाच्या दक्षिणेस समुद्रात २.३ मेगावॅटच्या आणखी दहा चक्क्या चालू झाल्या. त्यांपैकी पाच बेटाच्या नगरपालिकेने घेतल्या. मोटारी व बोटी तेलावरच चालत राहिल्या, आणि त्या तेलाची भरपाई म्हणून समुद्रावरील वीज मुख्य भूमीस देण्यात येऊ लागली. घरे उबदार ठेवण्यासाठी गव्हाचे काड जाळून गावास गरम पाणी पुरविणारी केंद्रे उभारली गेली.

साम्सो "स्वयंपूर्ण" झाले असे म्हणतात, तेव्हा तो वर्षअखेरचा हिशेब असतो हे ध्यानात ठेवले पाहिजे. वारा पडलेल्या रात्री बेटाला आजही समुद्राखालच्या तारेतूनच वीज येते, आणि वादळी दिवसांत तीच तार जादा वीज बाहेर नेते. ती तार नसती तर अकरा चक्क्या असूनही बेट महिन्यातील काही रात्री अंधारात बसले असते.

पुढे चक्क्या फार मोठ्या झाल्या, त्यांच्या किमती शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेल्या आणि मोठ्या कंपन्या पुढे आल्या. त्याबरोबर गावोगावचा विरोधही वाढला. तेव्हा २००८ च्या एका कायद्याने नव्या चक्कीचा निदान शेकडा २० हिस्सा आसपासच्या रहिवाशांना विकत देऊ करण्याची सक्ती करण्यात आली. २०२० साली ती तरतूद बदलून शेजाऱ्यांना मोबदला देण्याच्या दुसऱ्या योजना आल्या. मालकी हातची गेली की तिची भरपाई नियमांनी करू पाहणे किती अवघड असते, हे ह्या खटाटोपावरून दिसते.

सह्याद्रीच्या पठारांवर

महाराष्ट्रात चक्क्यांची मोठी गर्दी सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे यांसारख्या पठारांवर, तसेच सांगली, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत झाली. त्या बहुतेक गुंतवणूकदारांच्या मालकीच्या आहेत. गावाचा संबंध मुख्यतः जमीन देण्यापुरता व रखवालीच्या नोकऱ्यांपुरता आला.

कदाचित ह्याच दुराव्यामुळे एक समज ह्या भागांत पसरला, की चक्क्यांमुळे ढग पांगतात व पाऊस पडत नाही. ग्रामसेवकास हा प्रश्न आजही विचारला जातो. त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. आमचा पाऊस कोणी नेला, असे विचारणारा शेतकरी दुष्काळाने गांजलेला असतो. उत्तर असे की पावसाळी ढग अरबी समुद्रावरून आलेल्या बाष्पाचे असतात आणि त्यांची जाडी कित्येक किलोमीटर असते. चक्की जमिनीपासून शे-दीडशे मीटरांतील हवेस तेवढी चाळविते. सांगलीच्या पूर्व भागात पाऊस कमी पडतो तो सह्याद्रीच्या आडोशामुळे, आणि तो चक्क्यांच्या आधीपासूनच कमी आहे. २००५ व २०१९ साली कृष्णेला महापूर आले तेव्हा सातारच्या पठारांवर चक्क्या फिरतच होत्या. चक्कीमागे हवा घुसळली जाते, ही गोष्ट मात्र खरी आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मोठ्या पवनक्षेत्रांच्या परिसरात रात्री जमिनीचे तापमान किंचित वाढते, असे उपग्रहांच्या नोंदींवरून २०१२ साली प्रसिद्ध झाले. तो परिणाम जमिनीलगतचा व थोडा असतो, त्याने ढग हटत नाहीत.

आता "कागदावर" ह्या शब्दाकडे वळता येईल. डेन्मार्कमध्ये वारा हिवाळ्यात जोराचा असतो, आणि विजेची गरजही हिवाळ्यातच मोठी असते. महाराष्ट्रात वाऱ्याचा भर मोसमी पावसाच्या महिन्यांत, जून ते ऑगस्ट, असतो. त्या वेळी शेतीपंप बंद असतात. रब्बीला पाणी द्यावयाचे, तेव्हा हिवाळ्यात, वारा मंद असतो. चारशे पंपांचा हिशेब त्यामुळे तसाच्या तसा खरा होत नाही. पावसाळ्यातील वीज वाहिनीत घालून दुसरीकडे वापरावयाची आणि रब्बीत वाहिनीकडून परत घ्यावयाची, अशीच ती व्यवस्था राहणार. गावात एक चक्की उभारून गावचे पंप तिच्यावर चालवू, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्याला महिनावार नोंदी दाखवावयास सांगावे.

चक्कीकरिता जमीन मागावयास कोणी आले, तर व्यवहार खरेदीखताचा आहे की मुदतीच्या भाडेपट्ट्याचा, हे प्रथम पाहावे. माळरान पडीक म्हणून कवडीमोलाने कायमचे विकून टाकणे आणि वीस-पंचवीस वर्षे दरसाल भाडे घेऊन जमीन सातबाऱ्यावर आपल्याच नावे ठेवणे, ह्यांतील अंतर एका पिढीचे आहे. पात्यांची व मनोऱ्याची वाहतूक करण्यास रुंद रस्ता लागतो. तो कोणाच्या बांधावरून जातो, चक्की उभी झाल्यावर गुरांना व बैलगाड्यांना त्यावरून वाट राहील किंवा नाही, हे कागदावर असावे. भाडे ठराविक आहे की विजेच्या उत्पन्नावर आहे, आणि उत्पन्नावर असल्यास मीटरची नोंद जमीनमालकास पाहावयास मिळेल काय, हेही लिहून घ्यावे. तोंडी कबुलीचा उपयोग पहिला साहेब बदलून जाईपर्यंतच असतो.

एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. चक्कीचे आयुष्य वीस ते पंचवीस वर्षांचे. ती मोडीत निघाल्यावर मनोऱ्याचे लोखंड भंगारात विकले जाते. त्याला गिऱ्हाईक मिळते. पात्यांचे काचतंतू सहज वितळत नाहीत, त्यांची विल्हेवाट जिकिरीची असते. आणि जमिनीखाली पायाचे काहीशे टन काँक्रीट तसेच राहते. ते कोणी, कोणाच्या खर्चाने आणि किती खोलीपर्यंत काढावयाचे, हे डेन्मार्कमध्ये परवान्याच्या वेळीच लिहून घेण्याची पद्धत आहे, म्हणजे त्या जागेवरून पुन्हा नांगर फिरू शकतो.